गावचं बंद घर पुन्हा उघडताना

आमच्या राजापूर तालुक्यातल्या घराचं कुलूप मी अकरा वर्षांनी काढलं, तेव्हा माजघराच्या कोपऱ्यात पिंपळाचं रोप हातभर वाढलं होतं. वर बघितलं तर तीन कौलं सरकलेली. बस, तेवढंच. त्या तीन कौलांतून अकरा पावसाळे आत आले, कौलांखालच्या लाकडी रिपा कुजल्या, एक वासा खाली आला आणि मागची भिंत पोट काढून उभी राहिली. गावातल्या एका जाणत्या आजोबांनी तेव्हा सांगितलं, "घर जुनं झालं म्हणून पडलं नाही रे, चूल विझली म्हणून पडलं." ते खरंच आहे. रोजच्या चुलीचा धूर माळ्यावर साठायचा, लाकूड कोरडं राहायचं, कीड लागायची नाही. दारं उघडी असायची, वारा फिरायचा. दर वर्षी पावसाआधी नळे परतले जायचे, म्हणजे कौलं काढून पुन्हा नीट बसवली जायची. माणसं मुंबईला गेली आणि हे सगळं एकदम थांबलं.

हे मार्गदर्शन अशा घरांसाठी आहे: कोकणातलं, जांभ्या दगडाचं, कौलारू, शेतवाडीतलं, वर्षानुवर्षं बंद पडलेलं. तिथे महिन्यातून आठ दिवस निवांत राहावं, लॅपटॉप उघडून काम करावं, रात्री नीट झोप लागावी आणि न्हाणीघरात गरम पाणी यावं, एवढी ज्यांची इच्छा आहे त्यांनी वाचावं.

आधी कागद, मग कुदळ

पहिली भेट घराला देऊ नका, तलाठी कार्यालयाला आणि ग्रामपंचायतीला द्या. जमिनीचा सातबारा, ८-अ, जुने फेरफार आणि घराचा ग्रामपंचायतीतला नमुना ८ चा उतारा, एवढे कागद हातात घ्या. बहुतेक ठिकाणी सातबाऱ्यावर अजून पणजोबांचं किंवा आजोबांचं नाव असतं आणि घरपट्टी चौथ्याच चुलत्याच्या नावाने जाते. आधी वारस नोंद करून घ्या. ‘इतर हक्कां’च्या रकान्यात कुळाचं (जमीन कसणाऱ्याचं) नाव आहे का, बँकेचा बोजा आहे का, तेही बघा.

मग खरा अवघड भाग. घर सामाईक असेल तर सगळ्या सहहिस्सेदारांशी बोलावं लागतं, आणि ते फोनवर होत नाही. मी बोरिवलीपासून बडोद्यापर्यंत सात घरी जाऊन बसलो. काहींना घर नकोच होतं, काहींना फक्त विचारलं जावं असं वाटत होतं. ज्यांना हक्क सोडायचा आहे त्यांच्याकडून दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र घ्या. बाँडपेपरवर चार सह्या आणि दोन साक्षीदार एवढ्यावर घराचा हक्क सुटत नाही. त्याची नोंदणी लागतेच. ज्यांना सोडायचा नाही त्यांच्याबरोबर वाटणीपत्र करा. त्या कामाचा खर्च आणि वेळ वाचवून थेट छपराला हात घातलेली माणसं मी बघितली आहेत. घर छान होतं आणि त्याच वर्षी नोटीस येते.

गणपतीचं काय, हे याच बैठकीत ठरवा. घर तुमचं एकट्याचं झालं तरी त्या देवघरासमोर पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या भाऊबंदांचा गणपती बसलेला असतो. आम्ही पंचांग बघून ते दिवस घर सगळ्यांसाठी मोकळं ठेवायचं असं लिहून घेतलं. उरलेलं वर्ष आमचं. या एका ओळीमुळे तीन सह्या मिळाल्या.

हद्दीबद्दल थोडी जरी शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा आणि ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मिळेपर्यंत गडगा (हद्दीची दगडी भिंत) घालू नका. घर समुद्राजवळ किंवा खाडीकाठी असेल तर किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. तिथे वाढीव बांधकामाचं स्वप्न रंगवण्याआधी लेखी विचारणा करा. कौलं बदलणं, गिलावा करणं ही डागडुजी झाली. पण घराचा पसारा वाढवायचा, मजला चढवायचा किंवा जोतं (घराचा चौथरा) बदलायचं तर परवानगी घ्यावी लागते. आणि ज्यांचं वडिलोपार्जित घर नाही, विकत घ्यायचं आहे, त्यांनी लक्षात ठेवावं की महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला साधारणपणे स्वतः शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. तो नसेल तर गावठाणातलं किंवा बिनशेती झालेलं घर शोधा.

एक पावसाळा नुसतं बघा

कागद चालू असताना एप्रिल-मेमध्ये घराभोवतीचं रान काढा, छपरावर ताडपत्री घट्ट बांधा आणि थांबा. हे कुणालाच आवडत नाही, पण माझ्या मते या सगळ्या कामात याहून मोलाचा सल्ला नाही. जुलैत तीन-चार दिवसांची रजा काढून तिथे जा, छत्री घ्या आणि घराभोवती फिरा. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कोणत्या भिंतीवर मारा आहे, विहीर किती भरते, हे सगळं वहीत लिहा. कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. नकाशावर काढलेलं सगळं तो पुसून टाकतो.

घर डोंगराच्या कुशीत असेल तर मागच्या दरडीकडे खास लक्ष द्या. जमिनीला नव्या भेगा, वाकलेली झाडं, अचानक सुरू झालेले किंवा आटलेले झरे दिसले तर तिथे पैसा घालण्याआधी जाणकार भूवैज्ञानिकाला आणा. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. ते दृश्य ज्यांनी टीव्हीवर बघितलं त्यांना जास्त सांगायला नको.

दुसरं निरीक्षण घराच्या पायाशी. जुन्या घरांभोवती वर्षानुवर्षं माती वाहून येऊन साचते आणि जोतं निम्मं गाडलं जातं. मग ओल भिंतीत चढते आणि लोक भिंतीला दोष देतात. आम्ही सगळीकडून दीड फूट माती काढली, डोंगराच्या बाजूला चर खणून पाणी दोन्ही अंगांनी वळवलं. त्या एका कामाने माजघराची अर्धी ओल गेली, आणि खर्च फक्त चार गड्यांच्या आठवडाभराच्या मजुरीचा.

छप्पर

पैसे कमी असतील तर बाकी सगळं थांबवा आणि छप्पर करा.

सुताराला बरोबर घेऊन प्रत्येक वासा आणि तुळई टोकदार हत्याराने टोचून बघा. टोक सहज आत गेलं की लाकूड गेलं. पण पूर्ण वासा टाकायची घाई नको. बहुतेक वेळा वळचणीकडचं, म्हणजे छपराच्या बाहेर आलेल्या कडेचं, टोक किंवा भिंतीत गेलेला हातभर भागच कुजलेला असतो. चांगला सुतार तेवढाच कापून सांधा घालतो. आईन, किंजळ, साग, फणस या लाकडांचे शंभर वर्षांचे वासे आजही आपल्या घरांत ठणठणीत आहेत आणि तसं लाकूड आज बाजारात मिळणं कठीण. खांबाचं बूड कुजलं असेल तर तेवढा तुकडा काढून खाली दगडाची बैठक घाला. लाकूड जमिनीला टेकता कामा नये, वाळवीची वाट तिथूनच सुरू होते. नवं लाकूड स्वतःच्या वाडीतल्या झाडाचं काढायचं म्हटलं तरी तोडीची परवानगी लागते, ती आधी घ्या.

कौलं मंगलोरी असतील तर टाकू नका. १८६० च्या दशकात मंगळुरात बासेल मिशनने असा पहिला कारखाना काढला आणि पुढे गलबतांनी ही कौलं आपल्या किनाऱ्यावर आली. जुन्या कौलाच्या पाठीवर अजून छाप वाचता येतो. प्रत्येक कौल बोटाने वाजवून बघा. खणखणीत आवाज आला तर चांगलं, बद्द आला तर आत तडा आहे. शेवाळ तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, उन्हात वाळवा. शंभर चौरस फुटांना साधारण १४० कौलं लागतात आणि एकेक दोन ते तीन किलोचं असतं, त्यामुळे दीड हजार फुटांच्या छपराचं ओझं कोरडं असतानाच पाच टनांच्या आसपास जातं. हा हिशेब लोखंडी सांगाडा करणाऱ्याला आधी सांगा. तो पत्र्याच्या हिशेबाने बारीक पाइप लावून मोकळा होतो.

गावात सगळे म्हणतील, पत्रा घाला. त्यांचं चुकत नाही. माकडं कौलं फोडतात, परतणीला माणूस मिळत नाही आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि दापोलीकडच्या हजारो घरांची कौलं उडाली. पण नुसत्या पत्र्याखाली मे महिन्याच्या दुपारी बसवत नाही आणि जुलैत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. आम्ही मधला मार्ग घेतला: वाशांवर लाकडी फळ्या, त्यावर पत्रा, त्यावर रिपा आणि रिपांवर कौलं. कौल आणि पत्रा यांच्यामध्ये दोन इंच मोकळी जागा ठेवली, वारा खेळावा म्हणून. कौल फुटलं तरी पाणी पत्र्यावरून जातं, आणि खालून बघताना फळ्यांची तक्तपोशी दिसते. खर्च वाढतो, पण दर वर्षीची धास्ती जाते. आढ्याची आणि वळचणीची कौलं तारेने किंवा स्क्रूने बांधून घ्या, वादळ आधी तिथेच हात घालतं. वळचण अडीच-तीन फूट बाहेर हवी. ती कमी करून ‘मॉडर्न’ दिसणारं घर करू नका, भिंती दोन पावसाळ्यांत काळ्या पडतील.

खाली पत्रा नसेल आणि माळ्यावर प्रकाश हवा असेल तर मधेमधे काचेची कौलं घाला. शंभरात दोन पुरतात. जास्त घातली की खोली तापते.

भिंती आणि जमीन

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेवर राहून घट्ट होत जातो. तो सच्छिद्र आहे, म्हणजे ओल घेतो आणि सोडतोही. जुनी घरं मातीत किंवा चुन्यात रचलेली आहेत. त्यांच्यावर सिमेंटचा गुळगुळीत गिलावा मारला की ओल आत कोंडते, पापुद्रे सुटतात आणि पांढरा क्षार फुलतो. म्हणून पोट काढलेली भिंत उतरवून त्याच चिऱ्यांनी (जांभ्याच्या दगडांनी) पुन्हा रचा, आणि गिलावा हवाच असेल तर चुन्याचा करा. चुना नीट भिजलेला हवा आणि गिलाव्यावर बरेच दिवस हलकं पाणी मारत राहावं लागतं. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायला आम्हाला दोन महिने लागले, पण शोधलाच पाहिजे. बाहेरून चिरा उघडाच ठेवला तर सगळ्यात देखणा दिसतो, फक्त सांधे चुन्याने भरून घ्या.

जमिनीसाठी माझं मत स्पष्ट आहे: ओटीवर आणि पडवीत शहाबादी फरशी किंवा लाल कोबा. चकचकीत टाइल्स पावसाळ्यात घाम धरतात आणि ओल्या पायांनी घसरायला होतं. खाली दगडाचं सोलिंग आणि त्यावर जाड प्लास्टिक घातल्याशिवाय फरशी बसवू देऊ नका. एक खोली मात्र आम्ही शेणाने सारवलेलीच ठेवली आहे, देवघराची.

वाळवी, साप, विंचू

बंद घर हे त्यांचंच घर असतं. पहिल्या साफसफाईला दगड-लाकडांचे ढीग हाताने उचलू नका, पहारीने उलटवा, पायात बूट आणि हातात जाड मोजे घाला. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं हा विषारी साप भरपूर आहे, ते लहान दिसतं म्हणून माणूस गाफील राहतो. चावा झाला तर कापू नका, चोखू नका, घट्ट आवळून बांधू नका. हात किंवा पाय हलू न देता थेट ग्रामीण रुग्णालयात, १०८ ला फोन करून. सर्पदंशावरचं प्रतिविष कुठे ठेवलेलं असतं हे राहायला येण्याआधीच जाऊन विचारून ठेवा.

लाल विंचवाचं भय कोकणात पूर्वी मरणाचं होतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्यानंतर किती जीव वाचले. तरी लहान मूल असेल तर एक मिनिटही दवडू नका.

वाळवीसाठी पेस्ट कंट्रोलवाला आणाल तेव्हा त्याला विहीर कुठे आहे ते आधी दाखवा. औषध जमिनीत सोडायचं असतं आणि जांभ्यातून पाणी फार वेगाने झिरपतं.

पाणी आणि न्हाणीघर

बाहेरच्या माणसाला पटत नाही की एवढ्या पावसाच्या मुलखात मे महिन्यात टँकर येतो. कारण जांभा चाळणीसारखा आहे, पाणी मुरतं आणि उतारावरून निघून जातं. हजार चौरस फुटांच्या छपरावर तीन हजार मिलिमीटर पावसात पावणेतीन लाख लिटर पाणी पडतं. पन्हळी लावून त्यातलं थोडं टाकीत साठवा, पहिल्या पावसाचं मात्र सोडून द्या.

विहिरीचा गाळ एप्रिल-मेमध्ये काढतात. माणूस आत उतरवण्याआधी विहीर मोकळी हवेशीर करा, पंपाने पाणी उपसताना डिझेल इंजिन कधीही आत उतरवू नका. बंद विहिरीत विषारी वायू साठून माणसं गेली आहेत, एकामागोमाग एक वाचवायला उतरलेली. गाळ काढल्यावर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून घ्या. साध्या शुद्धीकरणाला हजार लिटरला अडीच ग्रॅमचा हिशेब धरतात आणि तासभर थांबून मग पाणी वापरतात. पिण्याआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्या.

शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान साठ फूट आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. शेजाऱ्याची विहीरही मोजा, आपलीच नव्हे. न्हाणीघर आणि शौचालय जुन्या माजघरात कोंबू नका. मागच्या पडवीत किंवा गोठ्याच्या जागी करा आणि झाकलेल्या वाटेने जोडा. पाण्याच्या नळ्या जुन्या भिंतीतून नेल्या आणि एक सांधा गळला की कळायला वर्ष लागतं.

वीज, इंटरनेट आणि बाकीच्या सोयी

वर्षानुवर्षं बंद घराचा वीजपुरवठा बहुधा कायमचा खंडित केलेला असतो. थकबाकी भरा, नाव बदला, नवा मीटर घ्या. जुनी वायरिंग पूर्ण काढून टाका. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग याशिवाय एकही दिवा लावू नका. कोरड्या जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही, खड्डा खोल हवा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालावं लागतं. मे अखेरीस आणि ऑक्टोबरात विजा पडतात तेव्हा प्लग काढून ठेवायची सवय लावा.

पाऊस सुरू झाला की वीज तासन्‌तास जाते, म्हणून इन्व्हर्टर हवाच. छपरावर सौर पॅनेल लावायचं तर कौलांवर नको, गोठ्याच्या किंवा पंपघराच्या पत्र्यावर लावा. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती जोडणीला जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचं अनुदान मिळतं, पण ग्रिडला जोडलेलं सौर वीज गेल्यावर बंद पडतं, हे विक्रेता स्वतःहून सांगत नाही. बॅटरीचं वेगळं विचारा. इंटरनेटसाठी आधी गावात कुणाकडे काय चालतं ते बघा. आमच्याकडे फक्त ओटीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात रेंज होती, म्हणून कामाचं टेबल तिथेच गेलं, आणि आता ती घरातली सगळ्यात आवडती जागा झाली आहे.

एसी लावायचाच तर एका खोलीला पूर्ण तक्तपोशी करून लावा. कौलांच्या फटींतून थंडावा निघून जातो. माझ्या मते उंच छप्पर, समोरासमोर खिडक्या आणि पंखा एवढ्यात मेचे पंधरा दिवस सोडले तर भागतं. खिडक्यांना बारीक जाळी मात्र सगळीकडे.

नारळ-फणसाच्या फांद्या छपरावर झुकू देऊ नका. आणि अंगणातलं खळं फरशीने झाकू नका, तिथे तुळस आहे, मुलं खेळतात, पाणी मुरतं.

राखणारं माणूस

महिन्यातून तीन आठवडे तुम्ही नसणार. वाडीतलं एक घर ठरवा, जे आठवड्यातून दोनदा दारं-खिडक्या उघडेल, देवापुढे दिवा लावेल, नळ सोडून बघेल. त्यांना दरमहा ठरलेले पैसे वेळेवर द्या, उपकार म्हणून नव्हे, कामाचे म्हणून. गवंडी, सुतार, रंगारी जमेल तितके गावातलेच घ्या. मुंबईहून आणलेला ठेकेदार निघून जातो आणि पहिल्या गळतीला तुम्हाला पुन्हा वाडीतच हाक मारावी लागते. कामाला हात घालण्याआधी जागेवाल्याला, म्हणजे त्या जागेच्या राखणदार देवाला, नारळ देऊन गाऱ्हाणं (सामूहिक प्रार्थना) घालायला सांगतील. घाला. तुमची श्रद्धा असो वा नसो, त्या दिवशी अख्खी वाडी तुमच्या अंगणात येते आणि पुढे दोन वर्षं तुमच्या घराकडे लक्ष ठेवते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात निघताना आम्ही ठरलेली कामं करतो: पन्हळी साफ, चर मोकळा, गॅस बंद, गाद्या उंच बांधून, धान्याचे डबे रिकामे, फ्रीजचं दार उघडं, कपाटं उघडी. मागच्या चुलीत शेणी पेटवून धूर माळ्यावर चढू देतो, आणि किल्ली शेजारच्या काकूंच्या हातात देऊन गाडीत बसतो.